बाबांची नवी जुनी लेन्स

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं तुमाले सांगितलं का? त्याच्या लेन्सले बुरशी लागली, तवापासून त्यांनी फोटो काढणंच सोडलं होतं. तशीच हुबेहूब लेन्स आता नव्यानं बनते, ती मी मागवली. बाबा म्हणाले, "नकली माल आहे, वापस कर."

"एक रोल तं काढून पाहा," मी म्हटलं.

ते आईले घेऊन बुढा तालाबच्या काठावर फिरायले गेले. रोल धुऊन आला तं फोटोत आईचा चेहरा मऊ, उजळ, सुरकुत्या गायब. बाबा पाहतच राहिले. मग म्हणाले, "जुन्या लेन्समधून अशीच दिसत होती तू."

आई लाजली. बाबा आत गेल्यावर मले हळूच म्हणाली, "तुह्या मावशीचा फोटो मात्र मोबाइलवरच काढजो."