फ्यूजवरची चांदी

—तसं नाही गुरुजी, गाडीचे पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले ना, मग तो बल्ब नव्हे. एक गेला असता तर बल्ब म्हटलं असतं. दोन बल्ब काय ठरवून एकाच दिवशी मरतात? नवरा-बायकोसुद्धा तसे मरत नाहीत—आमची ही जाऊन नऊ वर्षं झाली, मी आहेच अजून. बसा, त्या टायरवर बसा, कोरडा आहे. पावसाचं काय घेऊन बसलात, आपल्या या यीलानला पाऊस नसेल तो दिवस सांगा. हॉर्न वाजवा बघू. वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. आता दिव्यांचा खटका दाबा—थांबा, गप्प, ऐकू द्या—'टक्' झालं नाही. तिथपर्यंत वीज पोचतच नाहीये. आणि हा जळका वास? तुम्हाला नाही येत? मला मघापासून येतोय. माझं नाक आणि कान अजून शाबूत आहेत म्हणा.

फ्यूज बघू. वा, गाडी रुसू नये म्हणून पुढे काचेपाशी खाऊची हिरवी पुडी ठेवलीत, शाबास! हिरवीच हवी. पिवळ्या पुडीतला खाऊ ठेवला की यंत्र हमखास रुसतं, हिरव्यानं शहाण्यासारखं वागतं. पण तारीख वाचा बरं तिच्यावरची—माझा चष्मा आत राहिलाय. ऑक्टोबर? अहो, तीन महिने झाले की उलटून! शिळा खाऊ ठेवून गाडीकडून कामं करून घेता, मास्तर असून? माझ्या लेकीच्या, यूथिंगच्या व्हॅनमध्ये कालच ताजी पुडी ठेवली मी. तर फ्यूज—हा पंधरा अँपिअरचा ना? वाचा जरा. पंधरा. मग असा जाड का लागतोय बोटाला... अरे देवा. कुठल्या गाढवानं चांदी गुंडाळलीय याच्यावर! सिगारेटच्या पाकिटातली! गुरुजी, फ्यूज कशासाठी असतो? आत कुठे तार घासून पत्र्याला टेकली तर त्यानं आधी मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. चांदी गुंडाळली की हा मरत नाही—मग तार तापते, खटका वितळतो, तुमचा वितळलाय तसा, आणि नशीब फुटकं असलं तर गाडी पेटते. असल्या मिस्त्रीचे हातच तोडले पाहिजेत, मी सांगतो तुम्हाला. काय? कोण?

मी?

हो. जूनच्या उकाड्यात. फ्यूज सारखा उडत होता आणि तुम्हाला घाई होती—नाही, तुम्हाला कुठली घाई, तुम्ही तर इथेच बसून पेपर वाचत होता. किती वाजले? घड्याळ वाचा ना. पावणेतीन? नक्की? गुरुजी, काल यूथिंगच्या व्हॅनलाही हेच केलं मी. तीनदा फ्यूज उडाला. म्हणाली, बाबा, तार कुठे घासतेय बघितलीत का? मी म्हटलं, बघितली, टेप लावली, जा बिनघोर. कसली टेप अन् काय! आणि दोन वाजता पातीच्या कांद्याच्या जुड्या भरून निघालीसुद्धा हुआलिएनला. वाटेत बोगदे—बोगद्यात दिवे लावावेच लागतात. तुमची गाडी सहा-सात महिने टिकली, पण तीनदा फ्यूज उडाला म्हणजे तिची तार पार सोलून निघालीय. नुसते दिवे गेले तर जाऊ देत. पण आत धूर झाला तर? मागेपुढे ट्रक, दोन्ही बाजूंना भिंत, दार उघडून पळणार कुठे पोरगी?

फोन लावा. तुम्हीच लावा, मला आकडे दिसत नाहीत—नाही हो, चष्मा आत नाही राहिलेला. चष्म्यानं काही होत नाही. मोतीबिंदू. दोन वर्षं झाली. घासलेली तार मला दिसतच नाही, चाचपून चाचपून काम करतो, आणि हाताला नाही लागली की चांदी. कुणाला सांगू? तिला कळलं तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावील. उचलत नाही? पुन्हा लावा. पुन्हा. नाही उचलत... पोलिसांना? लावा ना, विचारता काय! पांढरी व्हॅन, थांबवा म्हणावं तिला बोगद्याच्या अलीकडे. मिस्त्री आंधळा आहे म्हणून सांगा. माझं नाव सांगा, त्साइ शुनफा, खुशाल सांगा, मला पकडून नेऊ देत—

वाजतोय. तिचाच? द्या. नको, तुम्हीच—नाही, द्या इकडे.

यूथिंग? कुठे आहेस तू? ...अलीकडेच? बोगद्याच्या अलीकडेच ना? ...धूर आला म्हणून थांबलीस. बरं केलंस, बाई माझी, बरं केलंस. ...भाजलं का कुठे? ...नुसतं बोट? ...हो, जेवलो. ...फ्यूज काढून बघितलास. ...हो. मीच. ...

ठेवला फोन तिनं.

काय म्हणणार? ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, तुम्हाला दिसत नाही हे मला केव्हाचंच ठाऊक होतं. पण तुम्ही 'बघितली' म्हणालात, म्हणून मी निघाले.

जा गुरुजी. गाडी राहू दे इथे, ती परत आली की बघेल. तुम्ही बसनं जा. ...नाही, पाणी नको. आणि जाताना तेवढं शटर ओढून घ्या—अर्धं नको, पूर्ण खाली.