घोंऽऽ नसलेला माईक

...आणि त्या फॉर्मवर 'एक' असा रकानाच नव्हता हो. आता मी काय करणार? वर्षाला किती नग लागतील असं विचारलंय आणि खाली निवडायला काय, तर एक हजार ते पाच हजार, पाच हजार ते पन्नास हजार, आणि त्याच्याही वर. मला हवा एक. बसवताना जळला तर आणखी एक, म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं तरी दोन. मी बोट वरखाली फिरवून फिरवून बघितलं, 'एक' कुठेच नाही. शेवटी सगळ्यात लहान आकडा निवडला, हजारवाला. आणि तुम्हाला सांगतो, तिथेच फसलो. कारण हजार म्हटलं की कंपनीची माणसं फोन करतात, आणि मी मुळात बोलणारा माणूस नाही.

म्हणजे दुकानात बोलतो, पण कामापुरतं. म्हसळ्याला एसटी स्टँडच्या मागे आपलं दुकान आहे, रिपेअरिंगचं. मिक्सर, टीव्ही, पंपाचे स्टार्टर, दिघीकडच्या होड्यांवरचे वायरलेस, जे येईल ते. गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, "ठेवा." दोन दिवसांनी म्हणतो, "झालं." या दोन शब्दांवर दुकान सात वर्षं चाललंय. नववीत शाळा सोडली ती पण याच्यावरूनच, उभं राहून धडा वाचायला सांगायचे आणि माझ्या तोंडातून... ते जाऊ दे, मुद्दा फॉर्मचा आहे.

नाही, मुद्दा फॉर्मचा पण नाही. मुद्दा आईचा आहे.

आमची आई, जयमाला. ती गाते. घरात गाते हं, बाहेर नाही. भाकरी थापताना, भाताच्या लावणीला वाकलेली असताना. तिच्या आईनं रचलेलं एक गाणं आहे, 'हातात दिवा माझ्या, पायाला चिखल गं...' असं सुरू होतं. ते कुठे छापलेलं नाही, कुणाच्या फोनमध्ये नाही, फक्त आमच्या आईच्या गळ्यात आहे. तर गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला वाडीतल्या बायकांनी तिला हाताला धरून विहारापुढच्या मांडवात उभं केलं. माईकवर कोण? मी. अॅम्प्लिफायर दुरुस्त केलेला कुणी? मीच. आईनं तोंड उघडलं, आणि कर्ण्यांतून घोंऽऽ. कशी, तर दिघीची फेरीबोट सुटायच्या आधी इंजिन गरम करते ना, तशी. आई थांबली. आईला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. परत सुरू केलं, परत घोंऽऽ. मागून कुणीतरी म्हणालं, "वैनी, आधी गिरण बंद करा, मग गावा." माणसं हसली. मनानं वाईट नव्हती हो हसणारी, पण आई खाली बसली.

आणि त्या दिवसापासून घरातलं गाणं पण बंद. भाकरी थापताना नुसतं थप, थप, थप. एक शब्द बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं. तुम्ही कधी असं जेवला आहात का, की समोरचं माणूस गप्प आहे ते आपल्यामुळे, आणि वर तेच विचारतंय, आणखी भाकरी वाढू का? मी महिनोन्महिने जेवलो.

मग मी ठरवलं, ती घोंऽऽ काढायची. सगळे कपॅसिटर बदलले. घोंऽऽ. वायर बदलली. घोंऽऽ. म्हटलं, अर्थिंग नीट नसेल, म्हणून विहाराच्या कडेला खड्डा खणून मीठ नि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरायला बसलो, तर आमचे रामजीकाका, विहार कमिटीचे अध्यक्ष, काठी टेकत आले. "काय गाडतोस रं?" मी म्हटलं, "मीठ, कोळसा." काका म्हणाले, "हितेश, करणीबिरणी आपल्या वाडीत चालायची न्हाय हां, सांगून ठेवतो." आता यांना अर्थिंग कसं समजावायचं? मी मुळात बोलणारा माणूस नाही. गुपचूप पुरलं. घोंऽऽ.

तेव्हा मला फोनवर तो नवीन आयसी, म्हणजे सर्किटमधली काळी चिप, दिसला. नुकताच बाजारात आलेला, वर लिहिलेलं, सर्किट डिझायनर लोकांसाठी. त्याचं काम काय, तर माईककडून दोन तारा येतात ना, त्या दोन्हींवर जे सारखंच येतं ते तो फेकून देतो, आणि दोन्हींत जेवढा फरक आहे तेवढाच पुढे पाठवतो. लाईटच्या तारांतून आलेली घोंऽऽ दोन्हींवर सारखीच असते, ती गेली. गाणं उरलं. मला तर वाटलं, असं एक माणसाच्या कानाला पण बसवायला पाहिजे.

आता त्याची माहिती चौतीस पानं, सगळी इंग्रजीत. शिकलेले इंजिनियर म्हणे पहिलं पान बघतात आणि कामाला लागतात. मला ती सोय नाही. मी एकेक शब्द फोनवर शोधत वाचलं, तीन आठवडे लागले. गंमत सांगू? प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर लिहिलंय 'टिपिकल'. म्हणजे काय, तर साधारणपणे एवढं भरतं, पण हमी नाही. मला एकदम धीर आला. एवढी मोठी कंपनी, पण बोलणं आमच्या चंदाआत्यासारखं, "येतो म्हणालाय, पन येईल तवा खरं."

नमुना फुकट मिळत होता, फक्त फॉर्म भरायचा. तुमचं काम काय? तर सर्किट डिझायनर, खरेदी अधिकारी, प्राध्यापक, विद्यार्थी. रिपेअरवाला नाहीच. विद्यार्थी लिहिलं तर खोटं, नववीतच सोडली. मग भीत भीत लिहिलं, सर्किट डिझायनर. प्रोजेक्टचं नाव? मी टाकलं, जयमाला. नग किती? ते तर तुम्हाला सांगितलंच.

चौथ्या दिवशी बंगळुरूहून फोन. मॅडम, हिंदीत. "हितेशजी, ये जयमाला प्रोजेक्ट का प्रोडक्शन कब शुरू होगा?"

मी म्हटलं, "बुद्धपौर्णिमा को."

"अच्छा. हजार पीस?"

"एक."

"एक हजार."

"नहीं मॅडम, एक."

मॅडम हळूच म्हणाल्या, "जयमाला आखिर क्या है?"

मी म्हटलं, "माँ है."

आणि तुम्हाला सांगतो, मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलत सुटलो. फेरीबोट, गिरण, भाकरी, मीठ-कोळसा, सगळं, मोडक्या हिंदीत. सहा मिनिटं. फोनवर वेळ दिसतो म्हणून सांगतो, जन्मात एवढं बोललो नव्हतो. मॅडम म्हणाल्या, "दो भेजती हूँ. लेकिन रिझल्ट बताना पडेगा." म्हणजे परत बोलायचं आलं की नाही?

कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, म्हणून एसटीनं माणगावला जाऊन आणलं. खोका केवढा, तर त्यात चपलांचा जोड बसेल. आत खोका, त्यात पिशवी, पिशवीत पट्टी, आणि पट्टीत दोन आयसी, एकेक तांदळाच्या कणीएवढा. त्याला आठ पाय. म्हणजे विचार करा, कणीला आठ पाय.

उजेड चांगला म्हणून मी पडवीत बसलो. शेजारी चंदाआत्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिथेच चुकलं माझं. चिमट्यात धरला, जरा जास्त दाबला, आणि टुण्... गेला.

"आत्या, हलू नको."

"का रं, साप हाय?"

"नाही. बारीक काळं काहीतरी उडालं का तुझ्याकडं?"

"ते व्हय? खडा हाय म्हणून भिरकावला की आंगनात."

मी अंगणात बघतोय तोवर आत्याची तांबडी कोंबडी आली, मान तिरकी केली आणि टिपलं. चौतीस पानं वाचलीत मी. किती उष्णता चालेल, किती दाब चालेल, सगळं दिलंय, पण कोंबडीनं खाल्ला तर काय करायचं ते एका ओळीत नाही. आत्या म्हणाली, "तोंड काय पाडतोस, आंडं घालील तवा बघू." ती कोंबडी अजून आहे. आत्या शपथेवर सांगते, तेव्हापासून तिची कटकट कमी झालीय.

उरला एक. तो मी दार लावून, पंखा बंद करून, श्वास रोखून बसवला. आणि आईला कसंबसं तयार केलं. तयार म्हणजे, मी म्हटलं, "आई, यंदा नाही होणार तसं." ती म्हणाली, "बघू." एवढंच.

पौर्णिमेची सकाळ. मांडव भरलेला. कर्णे पुढे बांधलेले, तोंडं लोकांकडे, पाठ स्टेजकडे, आणि स्टेजच्या मागे जनरेटर धडधडतोय. म्हणजे स्टेजवरच्या माणसाला माईक चालू की बंद हे कळायचं एकाच गोष्टीवरून, घोंऽऽ आली की चालू. वाडीत वीस वर्षं हीच रीत. मांडवाच्या कडेला अॅम्प्लिफायरपाशी बसून मी बटण दाबलं. कर्ण्यांतून काही नाही. इतकं शांत की मीच दोनदा लाल दिवा बघितला.

रामजीकाका माईकपुढे आले, कान देऊन उभे राहिले. घोंऽऽ नाही. वळून आईला म्हणाले, आणि चारही बाजूंना ऐकू गेलं, "जयमाला, हितेशचा माईक मेला. असू दे. मुंबैचे पाव्हणे भाषणाला बसल्यात, ते एकदा सुरू झाले की चहाबिगर थांबत न्हाईत. मेला तेच बरं."

पाहुणे पहिल्या रांगेत. हार घालून.

मी हात हलवतोय. ओरडायला पाहिजे होतं, कळतंय मला, पण सांगितलं ना, मी मुळात बोलणारा माणूस नाही. तोंडातून नुसती हवा येत होती. तेवढ्यात आई म्हणाली, "बंद हाय ना, भाऊजी? सुटले बाई. आता तवर म्हणून तरी बघते, गळा ऱ्हायलाय का ते." आणि तिनं डोळे मिटले.

माझा हात बटणावर. बंद केला तर तिची लाज वाचते. चालू ठेवला आणि मध्येच तिला कळलं तर? परत खाली बसेल, आणि मग जन्मभर थप, थप. मी बटणावरचा हात काढला आणि दुसऱ्या हातानं आवाज जरासा वाढवला. एवढंच केलं मी. बाकी तिनं केलं. हातात दिवा माझ्या, पायाला चिखल गं... दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेते ना, तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. विहिरीवरच्या बाया हंडे खाली ठेवून उभ्या. अख्खी चार कडवी, कुणी खोकलंसुद्धा नाही. संपलं तेव्हा पहिली टाळी त्या मुंबईच्या पाहुण्यांनी वाजवली, आणि मग सगळा मांडव. आईनं डोळे उघडले. "ऐकू गेलं?" हे पण ऐकू गेलं. मी अॅम्प्लिफायरच्या मागे खाली बसलो. त्या रात्री घरात भाकरीबरोबर गाणं होतं. मी पाच खाल्ल्या.

मॅडमना फोन केला, "रिझल्ट अच्छा है." त्यांनी विचारलं, "और लगेंगे?" मी म्हटलं, "नहीं. एक कोंबडी में है." त्या समजल्या की नाही ते माहीत नाही.

पण दुसऱ्याच दिवशी कमिटीची बैठक. रामजीकाका म्हणाले, "काम चांगलं केलंस, पन त्यात थोडी घोंऽऽ परत घाल बाबा. चालू हाय का बंद, मानसाला कळाय नको?" ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, मंजूर. आता काकांच्या भाषणाला घोंऽऽ लागते आणि आईच्या गाण्याला नाही, म्हणून मला वेगळं बटण बसवावं लागलं. घोंऽऽचं बटण. बंगळुरूला हे मी कळवलेलं नाही.

आणि आई? ती आता प्रत्येक कार्यक्रमाला गाते. तिला सगळं ठाऊक आहे, तरी स्टेजवर चढली की आधी माझ्याकडे बघते, "हितेश, बंद हाय ना रं?" आणि मी, चौतीस पानं वाचलेला सर्किट डिझायनर, सगळ्या वाडीपुढे उभा राहून मोठ्यानं सांगतो, "बंद आहे, आई. बिघडलाय. मला काही दुरुस्त करता येत नाही."

मी मुळात बोलणारा माणूस नाही, पण एवढं आता पाठ झालंय.