सुरईचा कान

— नाही, उघडतच नाही तिची फाइल, कालच साहेबांनाही सांगितलं मी. माझी घ्या ना, तयार आहे. बसा — त्या खुर्चीवर नको, ती तिची. तिची म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, हो, सख्खी जाऊ, घरातही शेजारी आणि इथंही शेजारी. मीच चिकटवलं तिला इथं. म्हटलं घरी बसून काय करेल, संग्रहालयात जुन्या वस्तूंचे स्कॅन काढायला माणूस हवंच आहे. आता साहेब येतात ते सरळ तिच्याच टेबलाशी. आणि घरी भाजीत मीठ कमी पडलं तर सासूबाई म्हणतात, धाकटीनं मुद्दाम बेतानं घातलंय, तब्येतीला बरं. मी घातलं असतं बेतानं, तर? — जाऊ दे. सुरईचं बोलू.

ही बघा स्क्रीनवर, शाबूत होती तेव्हाची. फिरवा हवी तशी, घ्या माउस. कपाट हलवताना पडली आणि कानाचा पार चुरा झाला, तो तुम्हाला पुन्हा घडवायचाय, कळलं मला. ही काळी भोकं? ती राहतातच. कॅमेऱ्याला दिसलं नाही तिथं भोक — मी ते तसंच ठेवते. तिच्या स्कॅनमध्ये एक भोक सापडायचं नाही, आणि सगळे ‘कसं गं जमतं तुला’ करत फिरतात. कसं जमतं? बटण दाबलं की कॉम्प्युटर बुजवतो भोकं, स्वतःच्या मनानं, गुळगुळीत. तसला कान बसवणार तुम्ही? ती म्हणते, सुरई उलटी ठेवून दुसऱ्यांदा स्कॅन केली, मग दोन्ही जोडले. एवढी जुनी वस्तू उलटी करायची? माझा नाही हात धजत. खाली वाळूची उशी घेतली म्हणे. उशी कोणी शिवली? मी. ताई, तुमची टीप बारीक, वाळू गळणार नाही, म्हणाली गोड गोड, आणि मी बसले शिवत, कशाला हवी तेही न विचारता.

राग नाही हो माझा, कामाचं सांगतेय. कान घडवताना आतली, खालून दिसणारी बाजू मात्र गुळगुळीत करू नका, तिथं कुंभाराचा अंगठा उमटलाय, नखाच्या रेघेसकट, इतका स्पष्ट की वाटतं आत्ताच दाबून गेलाय. तो चुकला तर सुरई गेलीच म्हणायची —

काय? कुठं पाहिला म्हणजे?

माझ्या स्कॅनमध्ये... हो, तिथं भोकच आहे. सुरई समोर होती की माझ्या, फिरत्या पाटावर — उभी होती, बरोबर. मला दिसलं असतं तर कॅमेऱ्यालाही दिसलं असतं.

उघडते ती फाइल. रोज उघडते. ती जेवायला गेली की मी उघडते, एखादी तरी चूक सापडेल म्हणून, आणि तो अंगठा बघत बसते. कुठंही बुजवलेलं नाही तिनं. एक भोकसुद्धा नाही. जळफळाट होतो माझा, काय करू.

द्या तो पेनड्राइव्ह. साहेबांना काय सांगायचं ते माझं मी बघीन. तिला मात्र... नको, तिला काही बोलू नका. झाली कॉपी. घ्या, आणि जाताना दार ओढून घ्या. येईल ती एवढ्यात जेवून.