सायकाल एजेंनी लावलेली तबकडी

सन्माननीय अध्यक्ष जिर्गलबेक आके, व्यासपीठावरील मान्यवर, आज नभोवाणीतून निवृत्त होत असलेल्या आपल्या सर्वांच्या थोरल्या बहीण सायकाल एजे, आणि जागा नसतानाही दाटीवाटीने बसलेल्या काराकोलकर श्रोतेहो,

मी चोरोबेक. काराकोल ते बोकोनबायेवो व्हॅन चालवतो. श्रोत्यांच्या वतीने बोलायला माझ्यासारखा गाडीवानच का, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण जे घडलं त्याने मी अजून भानावर आलेलो नाही, आणि तेच सांगायला अध्यक्षांनी मला उभं केलं.

दर रविवारी एजे एक पुस्तक आणि एक तबकडी सुचवतात. माझ्या गाडीत त्यावरून भांडणं होतात. त्यांनी सुचवलेलं पुस्तक वाचलं नाही असं घर या गावात सापडेल का? एक सापडेल, माझं. मी आपला गाण्यांचा माणूस.

जर्दाळू फुलले होते तेव्हाची गोष्ट. एजे म्हणाल्या, "आज सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बायकांचे पाळणे ऐका. गाणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण आवाज खरे आहेत." तिसऱ्या पाळण्यात एक बाई गात होती, 'फाटक्या कानाच्या माझ्या कोकरा, नीज.'

माझा हा डावा कान बघा. तान्हा असताना कुत्र्याच्या पिल्लाने फाडला. आणि माझी आई मी रांगत असतानाच सरोवरात बुडाली, असं वडिलांनी मला सांगितलं होतं.

मी गाडी थांबवली. मागून एक आजी म्हणाली, "काय रे, टायर बसला का?"

"नाही, आजी. माझी आई गातेय."

"मग गाऊ दे की. रस्त्यात कशाला उभा राहिलास?"

सगळे हसले. माझा चेहरा पाहिल्यावर हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी एजेंसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा कान पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला आवडली म्हणून लावली रे. मला काहीच ठाऊक नव्हतं." मग स्वतःच उठल्या, कोट घातला, म्हणाल्या, "तुझ्या घरातलं थोरलं कोण आहे? चल."

माझी आत्या पिठाचे बोर्सोक तळत होती. आईचं विचारल्यावर तिने झारा बाजूला ठेवला.

"बुडाली नव्हती," ती म्हणाली. "शहरातून यंत्र घेऊन माणसं आली, तिचं गाणं घेतलं. पुढे तिला गायला बोलावलं. तुझा बाप म्हणाला, गेलीस तर दार बंद. ती गेली. तुला न्यायला परत आली, तेव्हा आम्ही दार उघडलं नाही."

"आत्या, आणि मी?"

"तू आत झोपला होतास."

श्रोतेहो, वडील आता नाहीत. मी कुणाशी भांडू? आत्याशीही अजून नीट बोलता येत नाही.

आत्याला एवढंच ठाऊक होतं की ती नारिनला गेली. एजेंनी तिकडच्या नभोवाणीवरून विचारणा केली. उमसुनाई नावाच्या म्हातारीने शेजारणीकरवी निरोप धाडला, 'कान फाटका असेल तर पाठवा.'

मी गेलो. तिने आधी कान चाचपला, मग तोंडाकडे पाहिलं. "जेवलास का?" म्हणाली. रडणं त्यानंतरचं.

आपल्या गाण्याची तबकडी निघाली हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी ती लावली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. एका ठिकाणी मागे मूल रडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते शेजारचं कुणी समजलो होतो.

"ओळ चुकले मी तिथे," आई म्हणाली. "तू रडलास ना."

शुक्रवारपासून आई माझ्या घरी आहे. आज यायला तिचे गुडघे तयार झाले नाहीत.

अध्यक्ष महाराजांनी दोन शब्द सांगितले होते, मी बरंच बोललो. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचे उपकार आहेत.

एजे, आभार मला जमणार नाहीत. आईचा निरोप तेवढा देतो. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "त्या बाईला विचार, माझा मुलगा मला रोज वाचून दाखवील असं पुस्तक कुठलं. जाडजूड सांग म्हणावं."