हरिचंद्रच्या सलूनबाहेरचा बाक

– नाही नाही, आत नका जाऊ, इथंच बसा. आत जागा नाही, नंबर आला की हरिचंद्र हाक मारेल. आणि तो आरडाओरडा कसला विचारताय? हायलाइट्स. परदेशात जाऊन टेस्ट सिरीज जिंकली आपण, त्याला झाला आठवडा, आणि हे कुळगावचे वीर अजून तेच चघळतायत. शिसारी येते बघा. वरचा बॅनर वाचलात? ‘ऐतिहासिक विजयाचे साक्षीदार’ – आणि खाली ही सगळी थोबाडं. तो गॉगलवाला कमलेश, उल्हासनगरात पडद्याचं कापड विकतो. मॅच ड्रॉ झाली की कप अर्धा अर्धा कापून देतात, असं परवापर्यंत समजत होता. हा साक्षीदार. आणि जिंकवलं कोणी? मी.

हसू नका. माझी नजर वाईट आहे – म्हणजे आपल्या टीमपुरती. मी टीव्हीकडे बघितलं की आपली विकेट पडते. अंबरनाथला एका लग्नात जिलबी खाता खाता नुसती मान वळवली, तर दोन गेले – जिलबी अजून तोंडातच. म्हणून शेवटच्या टेस्टला यांनी ठराव केला, चिंतामणकाका बाहेर. या बाकावर, तोंड रस्त्याकडे, पाठ टीव्हीकडे. बसलो. आत एसी, आणि मला चहासुद्धा दार किलकिलं करून – हात तेवढा बाहेर. बरं, जिंकल्यावर काय? बॅनरवर माझा फोटो नाही. का, तर म्हणे काका, तुम्ही मॅच बघितलीच कुठं.

बघितली. कोणाला बोलू नका – ती ॲक्टिव्हा उभी आहे ना, तिचा आरसा जरासा वळवला आणि दाराच्या काचेतून दिसणारे शेवटचे चाळीस रन अख्खे बघितले. सगळे बॅट्समन डावखुरे दिसत होते, पण एकही आउट नाही झाला. म्हणजे काय? म्हणजे मी पनवती नाहीच. गेलो हरिचंद्रकडे, म्हटलं, माझी कोपऱ्यातली खुर्ची परत दे. तर म्हणतो, आरशात उलटं दिसतं काका, म्हणून उलटं झालं. आता त्याचं आयुष्य गेलंय आरशासमोर, त्याला मी काय सांगणार?

आणि आज तर कहर. मघाशी दार ढकललं, तर कमलेशनं आतून पाय लावला – नको काका, विकेट पडेल. अरे, जिंकलेली मॅच ती. कप घरी येऊन कपाटात बसला. आता मी डोळे फाडून बघितलं तरी कोण आउट होणार? तुम्हीच सांगा. कोणी होणार? नाही ना? मग मला आत घ्यायला यांचं –

मी काही फार बोलत नाही हो. बॉलर पळत आला की तेवढं समजावून सांगतो, हा आत आणणार, हा बाहेर काढणार – आणि अशाच बॉलवर कॉलेजात मी सिक्सर मारला होता, तो बारवी धरणात पडला, तेवढंच. पहिल्या टेस्टला मी तोंड उघडलं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला वाटायचं, मॅच रंगलीये.

जा, तुम्हाला बोलावतायत. नाही, माझं काही सांगू नका आत. दार ओढून घ्या फक्त – एसी चालू आहे त्यांचा.