डिफरन्शियल एक इंच खाली

धाकटी : एक इंच, भावोजी. तुमची जमीन नाही मागत मी.

भावोजी : तू इंच म्हणतेस, मला पंचवीस मिलिमीटर ऐकू येतं. आमच्या चष्म्याच्या दुकानात पंचवीस मिलिमीटर चुकले तर गिऱ्हाईक भिंतीवर जाऊन आदळेल.

धाकटी : गिऱ्हाईक तुमचं, पण गाडी आत्ता माझ्या गॅरेजात आहे. या, आत सरका. शर्टाची काळजी नको, तो गेलाच समजा. सांध्यावरचा हा फाटका रबर दिसला? वर्षातला तिसरा. आतलं सगळं ग्रीस चाकावर उडालंय.

भावोजी : मागच्या वेळी तू चांगल्यातला टाकला होतास ना?

धाकटी : रबराला कशाला बोल लावता? गाडी चार इंच उचलून आणलीत तुम्ही. तीसुद्धा दुसऱ्याकडून.

भावोजी : तू नको म्हणाली असतीस.

धाकटी : म्हणालेच असते! गाडी वर गेली, तिच्याबरोबर दोन्ही चाकांना फिरवणारा हा मधला डिफरन्शियलही वर गेला. चाकं कुठे जाणार? ती जमिनीवरच. मग हा एक्सल बघा, इथून चाकापर्यंत जिना उतरल्यासारखा उतरतोय. सांध्याची मान कायम वाकडी. तुम्ही दिवसभर मान वाकडी करून बसा, बघू तुमचं काय काय फाटतं.

भावोजी : म्हणून त्याला खाली आणायचा.

धाकटी : फक्त त्यालाच. गाडी आहे तेवढीच उंच. डिफरन्शियल आणि चासीच्या मधे हे स्पेसर, या जाड चकत्या, त्यांना लांब बोल्ट. एक्सल जरा सरळ होतो, सांधा सुखात. एक्सल मी दोन्ही नवेच टाकतेय.

भावोजी : पण पोटाखालची उंची जाते. आणि ओढ्यातला तो दगड? गेल्या खेपेला दोन बोटं राखून निघालो मी.

धाकटी : आता अर्ध्या बोटाने निघाल. नाहीतर दगडाच्या डावीकडून काढा, लोक काढतात. हट्टाने त्याच्या डोक्यावरूनच कशाला जायचं?

भावोजी : तिकडून गेलं की वीस मिनिटं जास्त लागतात.

धाकटी : अरे देवा. वीस मिनिटं.

भावोजी : हसू नकोस. तुझ्या ताईला तीन आठवड्यांनी एकदा भेटायचं, त्यातली वीस मिनिटं.

धाकटी : नाही हसत. धरा हा जॅकचा दांडा. तुमचे हात बारीक कामाचे आहेत, आज उपयोगी पडू देत. मी बोल्ट ढिले करते. ‘सोडा’ म्हटलं की दांडा डावीकडे एवढुसा फिरवायचा. एवढुसा. नळ सोडल्यासारखा नाही.

भावोजी : कळलं.

धाकटी : मागची सीट कुठाय?

भावोजी : काढून ठेवली. तिच्या पेट्या बसल्या पाहिजेत ना. दोन वर्षांचं सामान आहे. घाटावरच्या हवामान केंद्रातली नोकरीची मुदत शुक्रवारी संपतेय तिची. उद्या जातो, दोन दिवस आवराआवर, की घेऊनच येतो.

धाकटी : ताईला सांगितलंत, उद्या येताय म्हणून?

भावोजी : मी कधी सांगून जातो? अचानक गेलेलं तिला आवडतं. सोडू?

धाकटी : थांबा. बोल्ट अजून हलला नाही. जुना आहे, ऐकत नाही.

भावोजी : घराला रंग दिला, तुला बोललो का? तिच्या टेबलासाठी खिडकीजवळची जागा केली. उजेड डावीकडून येतो, लिहिताना हाताची सावली पडत नाही.

धाकटी : भावोजी, जरा सोडा. हां. बास.

भावोजी : बोलायचं काय, ते मात्र ठरत नाही. तिथे पोचलो की मी हवापाण्याचंच बोलतो. हवामान केंद्रात जाऊन हवापाणी! तू असं कर, तू ताई हो.

धाकटी : मी? पाठीवर झोपून? तोंडावर चिखल पडतोय माझ्या.

भावोजी : आवाज सारखाच आहे तुमचा. मी आलो असं समज. बोल.

धाकटी : बरं. ‘आलास? दमलास का? आधी हात धू.’

भावोजी : अगदी असंच म्हणते! मग मी म्हणणार, ‘हात नंतर. पेट्या कुठे आहेत?’

धाकटी : हा दुसरा बोल्टही अडलाय.

भावोजी : बोल ना. ताई काय म्हणेल?

धाकटी : जरा सोडा. बास. ताई म्हणेल, ‘बस जरा.’

भावोजी : मी म्हणेन, ‘बसायला आयुष्य पडलंय. दोन वर्षं रोज रात्री एकच ताट वाढून घेतलं. आता चल.’

धाकटी : ‘मी अजून एक वर्ष मागून घेतलंय.’

भावोजी : नाही, ती असं नाही म्हणणार. नीट कर.

धाकटी : म्हणाली, भावोजी. परवा. मला म्हणाली.

भावोजी : काय म्हणाली?

धाकटी : मागून घेतलं आणि मिळालंही. तुम्ही गेलात की समोरासमोरच सांगणार होती, फोनवर नको म्हणाली, म्हणून मी… अहो, जॅक! जॅक बंद करा! उजवीकडे! हात आहे माझा!

भावोजी : लागलं? धाकटे! लागलं का?

धाकटी : नखावर निभावलं. सोडा ते, दांडा घट्ट धरा. एका बोल्टवर लोंबतोय हा. वर घ्या. हळू. अजून. हां.

भावोजी : माझा हात कसा फिरला, कळलंच नाही.

धाकटी : चूक माझी. जॅक धरलेल्या माणसाला असलं काही सांगायचं नसतं. थांबा, हा बारीक पाइप निसटला. डिफरन्शियलचा श्वास.

भावोजी : याला श्वास लागतो?

धाकटी : तापल्यावर आतली हवा कुठून तरी जायला नको? कोंडली तर सील फोडून तेल बाहेर येतं. जरा लांब पाइप लावते. खाली आणला, की त्यालाही ढील द्यावी लागते.

भावोजी : माझं काही चुकलं का गं?

धाकटी : तुमचं नाही. तिला तिथे बरं वाटतं. पहाटे उठून वाऱ्याचा वेग लिहिते ना, ते सांगताना तिचा आवाज ऐकलाय कधी? लहानपणी पतंग उडवताना असायचा तसा.

भावोजी : ऐकलाय. मला वाटायचं, मी आल्यामुळे असा लागतो.

धाकटी : असेलही. दोन्हीमुळे असेल.

भावोजी : पण दर वेळी ती दारात उभी असायची. दर वेळी, धाकटे. मी न सांगता जायचो, तरी दारात. मला वाटलं, रोजच उभी राहत असेल. म्हणून तर इथे रंग दिला, टेबल हलवलं…

धाकटी : स्पेसर बसले. हा शेवटचा बोल्ट. तेवढा पाना द्या, मोठा. आणि तोंड पुसा, ग्रीस लागलंय.

भावोजी : ग्रीसच आहे.

धाकटी : मी कुठे काय म्हणाले.

(दुपार कलते. एक्सल बसतात, गाडी स्टँडवरून उतरते. गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत दोघंही गाडीत.)

धाकटी : स्टीअरिंग पूर्ण फिरवा. अजून. आता हळूच पुढे घ्या. काही ऐकू येतं?

भावोजी : काहीच नाही.

धाकटी : ती टकटक गेली की नाही? सांधा झिजलेला होता, प्रत्येक वळणावर वाजायचा. आता लोण्यासारखी वळेल. मग तोंड का पाडलंत?

भावोजी : सवय झाली होती. घाटात तेवढीच सोबत.

धाकटी : एक सांगू? रागावू नका. ताई रोज दारात उभी नसते. तिला तिथे शंभर कामं. वरच्या तिसऱ्या वळणावर तुमचा सांधा टकटकला की तिला ऐकू यायचं. मग हातातलं टाकून पळत बाहेर यायची.

भावोजी : पळत?

धाकटी : चपलासुद्धा न घालता. तिनेच सांगितलंय.

भावोजी : म्हणजे आता ऐकू येणार नाही तिला.

धाकटी : आता नाही.

भावोजी : मी पोचेन तेव्हा दार लोटलेलं असेल.

धाकटी : असेल. माणसं दार वाजवतात, भावोजी. नाहीतर आधी विचारतात. थांबा, मी उतरते, मला गॅरेज आवरायचंय.

भावोजी : बस गं. तू असलीस तर बोलता येईल… हॅलो? मी. नाही, गाडी बरी आहे, चांगली झाली. हो, सांगितलं तिने. तिला बोलू नकोस, जॅक माझ्याच हातातून सुटला. सांगेन नंतर. नाही… नाही गं, खाली ये म्हणायला नाही केला फोन. ऐक ना. मी वर येऊ का?