अर्ध्या पिक्चरवरचं मत

—नाई नाई, ते पिक्चरवरच्या मताचे फॉर्म खोटे नाईत, भाऊ. एकेक कागद म्या लोकायच्या हातात देल्ला अन् म्याच वापस घेतला. बसा ना, हे खुर्ची हालत नाई. तुमी एवढे पुण्याहून आले, का तर तुमच्या डायरेक्टर साहेबाले कोडं पडलं — आर्णीचे लोकं असे कसे लिहून राह्यले? 'शेवट आवडला, माणूस शांतपणे गेला' — अन् तुमच्या सिनेमात तर माणूस जातच नाई! बरोबर हाये तुमचं. मी भीमराज, या टॉकीजचा डोअरकीपर, एकतीस वर्षं झाले. चूक लोकायची नाई, माझी हाये. सांगतो. घाई नाई ना तुमाले? मले बी नाई. म्हणजे असाले पायजे, सोमवार हाये आज — पण नाई.

आता पाहा, आपल्या टॉकीजले दोन वाटा. इंटरवलले हा इकडचा दरवाजा उघडते, चहा-समोस्याकडचा. अन् खेळ सुटला का तिकडचं बाजूचं लोखंडी फाटक, सिध्धं सडकेवर. आमचा माणूस पडद्यावर काय लिहून आलं ते पाहातच नाई. फाटक कराकरा वाजलं का उठते, गाडीले किक मारते, घर. आता शुक्रवारी बाराचा खेळ, तुमचा पिक्चर पयल्यांदाच लागला, म्या काही पाह्यला नोता. मी दारापाशी स्टुलावर. तो तुमचा तहसीलातला बाबू — त्याले नोटीस येते, का बापा, तुले जल्म चुकून देल्ला गेला, सात दिवसांत वापस कर, अन् सोबत वळखीच्या सगळ्यायच्या सह्या आण, का आमची काही हरकत नाई. हासलो मी. दूधवाला न पाहता सही करते, त्याचा सख्खा भाऊ सही करून इचारते कोणता दिवस ठरला, मोठा साहेब तीन प्रतींवर शिक्का मारते. मंग तो बाबू पांढरी चादर घेऊन निजते, पडदा पांढरा होते, आवाज बंद. लय वेळ बंद! अतुलनं, आमच्या ऑपरेटरनं, वरून लाइट लावले. तुमच्या साहेबानं 'मध्यंतर' लिहिलंच नाई भाऊ, एवढा मोठा सिनेमा काढला अन् एक शब्द लिव्हाले आळस! मले वाटलं, सुटला खेळ. म्या फाटक उघडलं.

अन् लोकं उठले ना! चाळीस-पंचेचाळीस माणूस, कोणी म्हटलं नाई का हे अर्धंच हाये. उलट खुश. आमचा लालसिंग, तांड्यावरचा, तीस वर्षं झाले एकही पिक्चर सोडला नाई त्यानं, तो म्हणते, 'भीमराजभाऊ, पिक्चर असा पायजे, सव्वा तासात मोकळं, उगाच ताणलं नाई.' शाळेच्या वर्षा मॅडमनं तं फॉर्मच्या मांगं-पुढं लिहून काढलं — मोह सोडणं, काय काय — शेवट लय धाडसी हाये म्हणे. एक पोट्टं तेवढं कुरकुरलं, हिरोईन कोठी हाये म्हणे पोस्टरवरची? आता ते हिरोईन तं इंटरवलनंतर येते, ते बिचाऱ्याले कशी भेटन! तिनाच्या खेळाले म्या बरोबर केलं, पुरा दाखवला. अकरा लोकं होते. त्यातले आठ म्हणे, चांगला मरत होता, कायले वापस आणला. तेव्हा तुमच्या साहेबाले सांगा, फॉर्म खरे हायेत, मत बी खरं हाये, फक्त अर्ध्या पिक्चरचं हाये. हे लिहून घ्या अन् माझी नोकरी घालवाची असन तं घालवा. मी थकलो आता, खरं सांगतो.

लिहून घेतलं? मंग चहा घ्या. नाई, मले नको. घरी? घरी दोघंच आमी, मी अन् कौसल्या. लेक पायल उमरखेडले देल्ली. कौसल्या बी आलती ना शुक्रवारी! एकतीस वर्षांत एक डाव आली नाई ते टॉकीजात — म्हणे तुमी तिकिटं फाडता ते काय पाहाचं. पण हे तुमचं पोस्टर लागलं, फाइल घेऊन लायनीत उभा माणूस, ते पाहून म्हणे, 'हा तं मीच हाये, मले दाखवा हा.' किडनी गेली ना तिची. हप्त्यातून दोनदा यवतमाळले मशीनवर, सोमवार अन् गुरुवार, दोन वर्षं झाले. जायाचं येष्टीनं, लायनीत फाइल धराची, चार तास मशीन, अन् वापस येताना ते खिडकीले डोसकं टेकवून बसते. मी फाइल सांभाळतो. तं ते आली, कूलरपाशी बसली, हासली बी. तोंडावर पदर घेऊन हासली, मले दारातून दिसत होतं. अन् फाटक उघडलं तशी सगळ्यायसंगं उठून गेली. जाता जाता म्हणे, 'बेस हाये. सगळ्यायनं सुखानं सह्या देल्ल्या त्याले.'

मंग दहा मिनिटानं पडदा पुन्हा सुरू झाला, अन् आत कोणीच नाई. मी एकटा. बसलो. पाह्यला पुरा. त्याले वापस पाठवते ना ते ऑफिस, का एक सही राह्यली, बायकोची. अन् ते बाई काही नाई म्हणत नाई, भांडत नाई, रडत नाई. आज म्हणे पेनात शाई नाई. उद्या चष्मा सापडत नाई. मंग म्हणे आधी दळण आणा. अन् तो बाबू सहीचा कागद खिशात ठेवून चक्कीवर उभा, डोक्यावर पीठ उडून राह्यलं — तिथंच संपवला तुमी. मले लय रडू आलं, भाऊ. एवढ्या खुर्च्यायमंधी मी एकटा रडून राह्यलो. म्हटलं घरी जाऊन हिले सांगतो, का अवं, तो अर्धाच होता.

नाई सांगितलं. त्या दिवशी लोकं, फॉर्म, मालकाची बोलणी — राह्यलं. अन् शनिवारी सकाळी मी अंघोळ करून बसलो, तिनं चहा आणला, अन् म्हणे — काही रागानं नाई, भाजीचं इचारावं तसं — 'आता मशीन बस झालं हो. दोन वर्षं तुमी बी ओढले गेले. पायलले म्या फोनवर सांगितलं, ते रडली अन् मंग हो म्हणे. तुमची तेवढी राह्यली.' सही म्हणते ते. तुमच्या पिक्चरसारखी. अन् मी म्हटलं — मी काय म्हटलं माहीत हाये? मी म्हटलं, 'हाव. जसं तुले बरं वाटन तसं.'

अन् मले हलकं वाटलं. हे लिहू नका. लाज वाटते सांगाले, पण हलकं वाटलं, कारण की सोमवारची साडेअकराची येष्टी डोळ्यापुढून गेली — ते पायऱ्या, तिले दंडाले धरून चढवणं, ते लाइन — अन् वाटलं, चाला, आता नाई. ते हासली माझ्याकडं पाहून. जसं काही म्या तिच्यावर उपकार केला. काल तिनं कुरड्या तळल्या, शेजारच्या मानीबाईले देल्ल्या, आज सकाळी डोसक्यावरून न्हाली. तोंड सुजलं हाये, पण खुशीत हाये. दोन वाजताचा नंबर हाये तिचा आज मशीनवर. अजून गेली नाई म्हणून फोन येईन त्या सिस्टरबाईचा. मी इथंच बसलो.

काय म्हणता? मोबाइलमंधी हाये तुमच्या? पुरा? घरी येऊन दाखवता तिले — हाव, घर जवळच हाये, बुद्धविहाराच्या मांगं, पाच मिनिटं. अन् गाडी बी यवतमाळलेच चालली तुमची, दोनच्या आत मशीनवर पोचवता म्हणता... सोपं हाये भाऊ तुमाले. ते पाहीन, हासन बी पयले, ते बाई चष्मा लपवते तिथं. पण मंग मोबाइल खाली ठेवन अन् इचारीन मले — 'तुमी तं शुक्रवारी तिथंच होते. तुमी पुरा पाह्यलता? तुमाले माहीत होतं, अन् तरी हाव म्हटलं?'

याचं उत्तर तुमी देसान काय तिले? नाई ना?

उठा. ठेवा तो मोबाइल, जा तुमी. किती वा— नाई, सांगू नका मले किती वाजले ते.